मोडीतून वाचवलेला संसार : दिनकर गंगाधर केळकर

वडोदऱ्याच्या जुन्या शहरात, मांडवीच्या परिसरात, घडियाळी पोळ नावाची वस्ती आहे. पोळ म्हणजे अरुंद बोळांच्या दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून उभ्या राहिलेल्या घरांचा मोहल्ला. गायकवाडांच्या राजवटीमुळे या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आणि गुजराती शेजाराबरोबर त्यांचे संसार जुने होत गेले. अशा जुन्या घरांच्या माळ्यावर काय काय साठते, हे गोव्यातील राजांगणाच्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. तळाशी वापरातून गेलेली पितळेची भांडी, त्यावर काच फुटलेला कंदील, त्यावर बंद पडलेले लंबकाचे घड्याळ आणि व्हॉल्व्हचा रेडिओ. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या ढिगावर आणखी एक थर चढला आहे. पिवळट पडलेल्या कळफलकाचा संगणक, जाड काचेचा पडदा, फ्लॉपींचा डबा आणि दूरचित्रवाणीला जोडून खेळायचा, कार्ट्रिजवर चालणारा खेळाचा संच या थरात सापडतो.

हा शेवटचा थर शोधत फिरणारी माणसे आता सर्वत्र दिसू लागली आहेत. जुन्या बाजारांतून, भंगाराच्या वखारींतून, बंद पडलेल्या दुरुस्तीच्या दुकानांतून ती जुने संगणक आणि खेळाची यंत्रे मिळवतात, उघडून साफ करतात, पुन्हा चालू करतात आणि जपून ठेवतात. ज्याची सारी ताकद आजच्या साध्या मोबाइलपुढे नगण्य आहे, असे यंत्र कशासाठी सांभाळायचे, असा प्रश्न त्यांना विचारला जातो. मराठी मुलखात या प्रश्नाला एका माणसाने फार पूर्वी आपल्या सबंध आयुष्याने उत्तर देऊन ठेवले आहे. त्याच्या काळी संगणक नव्हते. त्याने शोधले ते दिवे, कुलुपे, अडकित्ते, फण्या, दौती आणि दरवाजे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर गंगाधर केळकर हेच ते गृहस्थ.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. घरचा व्यवसाय चष्म्यांचा होता आणि त्यांनीही तोच सांभाळला. दुसऱ्याची नजर तपासून त्याला काच जुळवून देणे हे दुकानातले काम. दुकानाबाहेरचे केळकर कवी होते आणि अज्ञातवासी या नावाने लिहीत. इतिहासाची त्यांना विलक्षण ओढ होती. मराठ्यांच्या पराक्रमाविषयी लिहिणारे कवी त्या काळात पुष्कळ होते. केळकर मात्र शब्दांपाशी थांबले नाहीत. ज्या काळाविषयी लिहायचे त्या काळातील एखादी वस्तू हाती घेऊन पाहावी, ही इच्छा त्यांच्या मनात बळावत गेली. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास प्रारंभ केला आणि पुढे सुमारे साठ वर्षे हे काम सुटले नाही.

त्या सुमारास संग्रहालय म्हटले की डोळ्यांपुढे काय उभे राही, हे वडोदऱ्याच्याच उदाहरणावरून कळते. सयाजीराव गायकवाड महाराजांनी आपल्या राजधानीत उभारलेल्या संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. त्याला जोडून चित्रदालनाचे बांधकाम १९०८ मध्ये सुरू झाले आणि १९१४ मध्ये संपले, परंतु पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील चित्रे येण्यास विलंब लागून ते दालन १९२१ मध्ये खुले झाले. प्रजेला जगातील उत्तम कला पाहता यावी, ही त्यामागची दृष्टी खरोखर मोठी होती. मात्र तिच्या पाठीशी एका संस्थानाचा खजिना होता, आणि संग्रहालयात जाण्याचा मान दुर्मीळ, मौल्यवान, दूरदेशच्या वस्तूंचा, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. घडियाळी पोळीतल्या एखाद्या स्वयंपाकघरातील विळी किंवा कसबा पेठेतल्या पडवीवरचा कंदील जपून ठेवण्याजोगा आहे, असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

नेमक्या त्याच वर्षांत केळकर ही विळी आणि हा कंदील यांच्या शोधात निघाले. त्यांच्याजवळ खजिना नव्हता, पदवी नव्हती, कोणत्या संस्थेचे पाठबळ नव्हते. दुकानाच्या मिळकतीवर चालणारा संसार आणि त्यातून काढलेला वेळ एवढेच भांडवल होते. त्यांनी जमवलेल्या वस्तू बहुतांशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत, म्हणजे त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळातील. पुराणवस्तू म्हणून मिरवण्याइतक्या त्या प्राचीन नव्हत्या आणि वापरण्याइतक्या नव्याही राहिल्या नव्हत्या. केळकरांच्या कार्याचे सगळे महत्त्व या मधल्या जागेत आहे.

कोणतीही वस्तू सर्वांत धोक्यात असते ती वापरातून गेल्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत. हजार वर्षांची मूर्ती सापडली तर तिची वार्ता होते, पाहायला माणसे येतात, सरकारी खाते लक्ष घालते. पण काल-परवापर्यंत घरात वापरात असलेली आणि आज निरुपयोगी ठरलेली वस्तू कोणाच्याच खिजगणतीत नसते. ती जागा अडवते, गंजते, आणि एखाद्या सणाच्या साफसफाईत मोडीत निघते. रॉकेलच्या दिव्याने आणि पाठोपाठ विजेने समया व लामणदिवे मागे टाकले. टाकाच्या आणि झरणीच्या लेखणीने बोरू व दौत निकालात काढली. कारखान्यात तयार झालेल्या एकसारख्या कुलुपांनी गावच्या लोहाराच्या कुलुपाला हटवले. ॲल्युमिनियम आणि पोलाद आले तशी तांब्यापितळेची भांडी तागडीवर जाऊ लागली. मोडीचा व्यापारी नक्षीचे पैसे देत नाही, तो धातूचे वजन करतो. एकदा भट्टीत गेलेली समई पुन्हा समई होत नाही. केळकरांची शर्यत या भट्टीशी होती.

म्हणून त्यांचे फिरणे पुण्यापुरते उरले नाही. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून, गुजरात-राजस्थानातून, दक्षिणेतून त्यांनी वस्तू आणल्या. त्यांच्या संग्रहालयात फिरताना जाणवते ते हे, की एकाच प्रकारच्या वस्तूचे कितीतरी नमुने त्यांनी जमवले. अडकित्ता घ्या. दोन दांडे, एक खीळ आणि एक धारेचे पाते, एवढीच त्याची रचना, आणि काम सुपारी कातरण्याचे. परंतु तेवढ्या जागेत कारागिरांनी घोडे, पोपट, मोर आणि माणसांच्या आकृती घडवल्या. पायाची टाच घासण्याची वजरी ही तर स्नानघरातील वस्तू, पण तिच्या माथ्यावरही पक्षी बसवलेले आढळतात. एकच अडकित्ता पाहिला तर तो गमतीदार वाटतो. वीस अडकित्ते ओळीने पाहिले की त्यांमागचा समाज दिसू लागतो. साध्या कामाची वस्तूही सुबक असावी, असे त्या समाजाला वाटत होते.

दिव्यांचा त्यांना विशेष व्यासंग होता. भारतीय दिव्यांविषयी त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केले. देवघरातील निरांजन, उभी समई, तुळईला साखळीने टांगलेला लामणदिवा, हातात धरून चालायचा दिवा, अशा प्रत्येक प्रकारामागे घरातील एक जागा आणि दिवसातील एक वेळ असते. काही टांगत्या दिव्यांमध्ये हत्तीच्या वा पक्ष्याच्या पोटात तेल साठवून ते बेताबेताने वातीपर्यंत उतरेल अशी योजना केलेली असे. ती धातूच्या ओतकामातील करामत होतीच, शिवाय द्रव आणि हवेचा दाब यांची जाण असल्यावाचून ती साधणारी नव्हती. पुस्तकी शास्त्र न शिकलेल्या माणसांच्या हातात असलेले हे शास्त्र दिवा वितळला की पुसले जाते. नुसत्या वर्णनावरून ते पुन्हा उभे करता येत नाही.

कुलुपांचीही तीच कथा. चावी कुठे घालायची हेच न कळावे म्हणून छिद्र झाकणारी सरकती पट्टी, एकाऐवजी दोन चाव्यांची गरज, प्राण्याच्या आकारात दडवलेला अडसर, अशा कितीतरी युक्त्या जुन्या कुलुपांत आढळतात. कुलूप उघडून पाहणाऱ्याला त्यात एक कोडे आणि त्याचे उत्तर अशी दोन्ही मिळतात. यंत्राची आवड असणाऱ्या कोणाही माणसाला इथे आपलेपणा वाटावा.

खेळांची साधनेही केळकरांनी वगळली नाहीत, आणि आज जुनी खेळयंत्रे शोधणाऱ्यांचे नाते त्यांच्याशी इथे अगदी जवळचे आहे. बुद्धिबळाची मोहरी, सारीपाटाच्या सोंगट्या, फासे, गंजिफा ही एका काळच्या मराठी घरांतील दुपारची करमणूक होती. आपल्या शेजारच्या सावंतवाडीत गंजिफा तयार होत. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्कापासून दश्शापर्यंत दहा, अशी बारा पाने, म्हणजे एकूण एकशे वीस पाने असतात. गोल आकाराचे, हाताने रंगवलेले, लाखेने चकाकणारे हे पत्ते छापील पत्त्यांपुढे टिकले नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने तिला पुन्हा आधार दिला. खेळ हा संस्कृतीतील हलका भाग मानला जातो, त्यामुळे तो आधी विसरला जातो. सोंगटी हरवली की पट निरुपयोगी होतो आणि नियम सांगणारी आजी गेली की सोंगटीही मुकी होते.

वाद्ये, वस्त्रे, लेखनसाहित्य, चित्रकथीची चित्रे, स्त्रियांच्या वापरातील फणेरपेट्या आणि करंडे, शस्त्रे, स्वयंपाकाची भांडी असा हा पसारा वाढत गेला. घरातील वस्तू जमवता जमवता केळकर घरापाशीच येऊन पोहोचले. गुजरातेतील कोरीव लाकूडकाम, नक्षीचे दरवाजे आणि खिडक्या त्यांच्या संग्रहात आल्या. घडियाळी पोळीसारख्या वस्त्यांमधून कोरलेले खांब आणि गवाक्षे हे घरांचे भूषण होते. घर पाडून सिमेंटचे बांधले जाई तेव्हा त्या लाकडाचे मोल जळणाइतके उरे. पुण्याजवळच्या कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष मिळवून त्यांतून त्यांनी संग्रहालयात मस्तानी महाल उभा केला, ही या प्रवासातील सर्वांत मोठी झेप होय.

या साऱ्याची किंमत काय पडली असेल, याचा हिशेब मांडणे सोपे नाही. साठ वर्षे एका घराने वस्तूंना जागा करून दिली आणि माणसांनी सरकून बसायचे, असे ते जगणे होते. केळकरांच्या पत्नी कमलाबाई यांची या कामात मनापासून साथ होती. कुंकवाचा करंडा, फणी, वजरी, पाळण्यावरची चिमणाळी या वस्तू माजघरातल्या आणि त्यांच्यावर हक्कही माजघराचाच. परक्या पुरुषाने मागितल्या म्हणून त्या सहज बाहेर येणाऱ्या नव्हत्या. स्त्रियांच्या वस्तूंचे दालन कमलाबाईंवाचून कल्पिता येत नाही.

या दांपत्याचा मुलगा राजा बालवयातच गेला. ज्याच्यासाठी पुढचे सारे मांडायचे, तोच नाहीसा झाला. अशा आघातानंतर संग्रहाचा पसारा आवरून टाकला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. केळकरांनी उलट केले. त्यांनी संग्रह वाढवला आणि त्याला मुलाचे नाव दिले. वारस नसलेल्या घरातील वस्तू पाहुण्यांच्या स्वाधीन करावी, तशी त्यांनी ही सारी ठेव समाजाच्या स्वाधीन करण्याची तयारी सुरू केली.

१९६०पर्यंत संग्रहात सुमारे पंधरा हजार वस्तू झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांमधील असंख्य घरे एका दिवसात पाण्याखाली गेली. पिढ्यांचे संसार चिखलात मिसळले. शहराचे जुनेपण किती अचानक नाहीसे होऊ शकते, हे पुणेकरांनी त्या दिवशी पाहिले. १९६२ मध्ये केळकरांच्या संग्रहाला संग्रहालयाचे रूप मिळाले आणि १९७५ मध्ये त्यांनी ते महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवले. आज तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे अडीच हजार एका वेळी मांडलेल्या असतात. बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत उभे असलेले हे संग्रहालय पुण्यास जाणाऱ्या गोमंतकीयांनाही परिचित आहे.

संग्राहकाच्या वृत्तीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोडून टाकण्याजोगा नाही. वस्तू घरातून उचलली की तिची माणसे सुटतात. ही समई कोणाच्या लग्नात आली, हा अडकित्ता कोणाच्या कमरेला असे, हे कपाटाच्या काचेमागे सहसा कळत नाही. पुढे संग्राहकच मालक होऊन बसतो आणि त्याच्या पश्चात संग्रहाचे तुकडे होऊन विकले जातात, असेही अनेकदा घडते. केळकरांनी हयातीतच मालकी सोडली, यात या आक्षेपाच्या अर्ध्या भागाचे उत्तर आहे. उरलेला अर्धा भाग पुढच्यांसाठी शिल्लक आहे. वस्तूबरोबर तिची हकिगतही टिपून ठेवली पाहिजे.

जुन्या संगणकांच्या बाबतीत ही गरज अधिक तातडीची आहे, कारण समई शंभर वर्षे माळ्यावर राहिली तरी घासून पुन्हा पेटवता येते. संगणकाचे तसे नाही. त्याच्या पाटीवरील बॅटरी पाझरून तांब्याच्या रेषा खाऊन टाकते, कपॅसिटर कोरडे पडतात, फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद क्षीण होते आणि किनारपट्टीच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि काही वर्षांतच कालबाह्य ठरला. १९८४ पासून केंद्राच्या योजनेतून देशातील निवडक शाळांना बीबीसी मायक्रो जातीचे संगणक मिळाले. एका पिढीने पहिला कळफलक त्यांवर पाहिला. आज त्या शाळांच्या अडगळीत त्यांपैकी किती उरले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

मराठी वाचकाचा यात आणखी एक स्वार्थ आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र टंकांमध्ये आणि सांकेतिक रचनांमध्ये जुळवला जाई. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट कार्डाच्या साहाय्याने संगणकावर देवनागरी आणली, पाठोपाठ अनेक टंकप्रणाली आल्या, आणि दैनिके, दिवाळी अंक, पुस्तके त्यांवर निघू लागली. त्या काळच्या फायली आजच्या संगणकात उघडल्या तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. मोडी लिपी वाचणारे कमी झाले तेव्हा दप्तरेच्या दप्तरे मुकी झाली. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या मराठी मजकुरावर तीच वेळ येऊ घातली आहे. तो वाचण्याची किल्ली कित्येकदा त्या जुन्या यंत्रातच असते. माळ्यावरचा पिवळट डबा भंगारात देताना घर एखादे कुलूप चावीसह फेकून देत असते.

गोव्यात या कामाची जाण नाही असे नाही. बाणावलीच्या गोवा चित्रा संग्रहालयात शेतीची अवजारे आणि घरगुती साधने निगुतीने मांडलेली आहेत, आणि टाकाऊ ठरलेल्या गोष्टींतून गोमंतकीय जीवन कसे दिसते हे तेथे अनुभवता येते. तरीही चवथीपूर्वीच्या साफसफाईत दरवर्षी काय काय घराबाहेर जाते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. आदोळी, रगडो, पेटारा यांच्याबरोबर आता टंकलेखन यंत्र, कॅसेटचा प्लेअर, पहिला संगणक आणि मुलांचा खेळाचा संच हेही त्या रांगेत आले आहेत. सारे ठेवणे कोणालाच शक्य नाही. पण जे जाणार आहे त्यातले एखादे निवडून, ते कोणाचे, केव्हाचे आणि कसे चालवायचे हे कागदावर लिहून ठेवणे शक्य आहे. केळकरांचा आरंभही एका वस्तूनेच झाला असणार.

त्यांना पद्मश्रीचा सन्मान लाभला. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कवी म्हणून घेतलेले अज्ञातवासी हे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. त्यांच्या संग्रहातील जवळजवळ प्रत्येक वस्तूचा कर्ताही तसाच अज्ञात आहे. संग्रहालयाची पाटी वाचणाऱ्या अनेकांना तिथला राजा हा शब्द किताब वाटतो. कोण्या संस्थानिकाने हे सारे उभारले असावे, असा त्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तो शब्द एका लहान मुलाचे नाव आहे आणि वडिलांच्या नावाच्या आधी ते लिहिले जाते, कारण मराठी रीतच तशी आहे.